बिनकागदाची ऑर्डर टिकते, स्टॅम्प पेपरवरचा बाँड पडतो

प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी त्याचा गोषवारा. विचारणारे परळचे केटरर. ठाण्यातल्या एका घरच्या लग्नाची ४५० पानांची ऑर्डर व्हॉट्सॲपवर ठरली. बोलणी मुलीच्या मामांनी केली, ६०,००० रुपये ॲडव्हान्स मुलीच्या वडिलांच्या खात्यातून जीपेने आला. लग्नाला नऊ दिवस उरले असताना मामांचा फोन: लग्न मोडलं, ऑर्डर रद्द, ॲडव्हान्स परत करा. त्या तारखेची दुसरी ऑर्डर केटररनी आधीच नाकारली होती. भांडण झालं तेव्हा मामा म्हणाले, "ना स्टॅम्प पेपर, ना सही. करार झालाच कुठे?" केटररना पूर्ण बिलाचे ३,९१,५०० हवे आहेत. जोडीला दुसरा प्रश्न: आचाऱ्याकडून ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर, नोटरी करून लिहून घेतलंय की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं तो दादर ते लालबाग पट्ट्यात कुठल्याही केटररकडे काम करणार नाही. आता तो सोडून चाललाय. "हे तरी पक्कं आहे ना?"

तुम्हाला जे कच्चं वाटतंय ते पक्कं आहे आणि जे पक्कं वाटतंय ते पार कच्चं. लग्नाच्या ऑर्डरचा करार झालेला आहे, फक्त त्यावर पूर्ण बिल मिळणार नाही. आचाऱ्याचा बाँड मात्र सोडून गेल्यानंतरच्या दोन वर्षांपुरता कोर्टात उभाच राहत नाही, मग स्टॅम्प ५०० चा असो की ५,००० चा.

मुंबईत स्टॅम्प पेपरवर लोकांची जी श्रद्धा आहे ती मला फोर्टात वकिली करताना रोज दिसते. माणसं व्यवहार काय ठरला ते धड सांगू शकत नाहीत, पण "स्टॅम्पवर आहे साहेब" हे आधी सांगतात. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १० मध्ये करार कशाने होतो ते दिलंय: दोन्ही बाजूंची मोकळी संमती, करार करायला पात्र माणसं, कायदेशीर मोबदला, कायदेशीर हेतू, आणि कायद्याने तो करार रद्दबातल ठरवलेला नसावा. यात स्टॅम्प नाही, नोटरी नाही, सहीसुद्धा नाही. तोंडी करारही करारच असतो. मुद्रांक शुल्क हा सरकारचा महसूल आहे आणि तो दस्तावर लागतो. दस्तावर शुल्क कमी भरलं असेल तर कोर्ट तो पुराव्यात घेत नाही. तूट आणि महिन्याला २ टक्क्यांनी दंड भरला की घेतं. डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने हेच स्पष्ट केलं: मुद्रांक नसणं हा दुरुस्त होणारा दोष आहे, त्याने करार रद्दबातल होत नाही. आणि नोटरी पाहतो ते सही करणारा माणूस तोच आहे की नाही. आत लिहिलेलं कायद्यात बसतं का, याची तो हमी देत नाही.

काही व्यवहारांना लेखी आणि नोंदणी लागतेच, ते कलम १० नेच बाजूला ठेवलेत. फ्लॅटची विक्री नोंदणीशिवाय पुरी होत नाही. लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदवलेलं असायला हवं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ ने ती जबाबदारी घरमालकावर टाकलीय, आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. मुदत संपलेलं जुनं देणं फेडायचं वचनही लेखी आणि सहीचं लागतं. केटरिंग यात कुठेच येत नाही. इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार तेवढ्याच कारणाने अमान्य करता येणार नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्ये आलेलंच आहे. नुसत्या ईमेलवर ठरलेला बॉक्साइटचा मोठा सौदा पक्का करार आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये वेदांताच्या प्रकरणात म्हटलं होतं.

आता तुमचे मेसेज. हे नीट वाचायला हवेत, कारण तुम्ही समजता त्या मेसेजला करार झालेला नाही.

पहिलं तुमचं कोटेशन: ४५० पानं, ८५० रुपये पान, मेन्यू, तारीख, हॉल, तळाला "ॲडव्हान्स परत मिळणार नाही". हा प्रस्ताव. मामांचं उत्तर, "छान आहे, घरी विचारून सांगतो." याला कायद्यात काही किंमत नाही. दोन दिवसांनी मामा: "जिलबीऐवजी अंगूर बासुंदी द्या, मग फायनल." तुम्ही इथे बोट ठेवून म्हणता, बघा, फायनल म्हणाले. स्वीकृती करार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे पूर्ण आणि बिनशर्त लागते. अट घातली की तो उलट प्रस्ताव होतो. त्यावर तुम्ही लिहिलंत, "चालेल, पानामागे २० रुपये वाढतील." म्हणजे तुम्हीही त्यांचा प्रस्ताव जसाच्या तसा घेतला नाही, नवा टाकलात. पुढे मामा गप्प. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. या घडीला, शुक्रवारी रात्री, करार नव्हता. शनिवारी सकाळी त्यांनी दुसरा केटरर पाहिला असता तर तुम्हाला काहीही म्हणता आलं नसतं.

सोमवारी ६०,००० जमा झाले, शेरा "केटरिंग ॲडव्हान्स". करार इथे झाला. प्रस्तावासोबत मागितलेला मोबदला देणं ही कलम ८ नुसार स्वीकृती आहे, तोंडाने हो म्हणायची गरज नाही. आणि ती स्वीकृती तुमच्या शेवटच्या प्रस्तावाची, म्हणजे पान ८७० रुपयांचं. बाकीच्या अटी, तळची ॲडव्हान्सची ओळ धरून, कोणी बदलल्या नव्हत्या, त्यामुळे त्या तशाच आत आल्या. अटी पुरेशा निश्चित आहेत: किती पानं, काय दराने, कधी, कुठे. "तुमच्याकडेच करू, बाकी नंतर बघू" एवढ्यावर पैसे आले असते तर कलम २९ आडवं आलं असतं, कारण ज्याचा अर्थच निश्चित करता येत नाही तो करार रद्दबातल असतो. फ्लॅटचं टोकन देणारे इथेच फसतात. लाखभर रुपये देतात, चिठ्ठीवर "पुढे करारनामा करू" लिहितात, आणि ताबा, पार्किंग, सोसायटीची थकबाकी यांतलं काहीच ठरलेलं नसतं.

करार कुणाशी झाला? हा तुमच्या प्रकरणातला खरा कमजोर सांधा आहे आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही. बोलले मामा, पैसे वडिलांचे. नोटीस गेली की वडील म्हणतील मी तर यांना ओळखतही नाही, आणि मामा म्हणतील मी नुसता मध्यस्थ. माझ्या मते मामा हे वडिलांचे एजंट होते आणि वडिलांच्या खात्यातून गेलेले पैसे हीच त्याची मंजुरी. एजंटने मालकाच्या वतीने केलेल्या कराराने मालक बांधला जातो. एजंट स्वतः सहसा बांधला जात नाही, पण आपण कुणाच्या वतीने बोलतोय हे त्याने सांगितलंच नसेल तर तोही बांधला जातो असं कायदा धरून चालतो. "भाचीचं लग्न आहे" असं मामा सुरुवातीला लिहितात. ते पुरेसं आहे की नाही यावर दोन वकील दुपारभर भांडतील. म्हणून नोटीस दोघांनाही.

समोरून दोन बचाव येतील. एक, हे घरगुती बोलणं होतं. नवऱ्याने बायकोला दरमहा पैसे देईन म्हटलं तर तो करार नाही, असं इंग्लंडमध्ये १९१९ साली बाल्फर दांपत्याच्या प्रकरणात ठरलं होतं. पण तो नियम घरातल्या घरात. धंदा करणाऱ्या केटररशी दर ठरवणं घरगुती नव्हे. दोन, लग्नच मोडलं तर करार अशक्य झाला, म्हणजे कलम ५६. इथे थोडा विचार करावा लागतो. इंग्लंडच्या सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची मिरवणूक बघायला एकाने खिडक्या भाड्याने घेतल्या होत्या. राजा आजारी पडला, मिरवणूक पुढे ढकलली गेली, आणि १९०३ मध्ये कोर्टाने भाडं माफ केलं, कारण दोघांच्याही व्यवहाराचा पायाच ती मिरवणूक होती. समोरच्या पार्टीचा वकील हे काढेलच. पण राजाचं आजारपण खिडकी घेणाऱ्याच्या हातात नव्हतं. लग्न मोडलं ते ऑर्डर देणाऱ्याच्याच घरच्या निर्णयाने, आणि तो धोका केटररने का उचलावा? माझा अंदाज, कोर्ट हे मान्य करणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत सरकारी आदेशानेच समारंभ बंद झाले, ते प्रकरण वेगळं होतं. तशा वेळी कलम ६५ प्रमाणे घेतलेला लाभ परत करावा लागतो.

करार झाला, मोडला. आता आकडा. कलम ७३ तुम्हाला बिल देत नाही, नुकसान देतं. करार पार पडला असता तर तुम्ही जिथे असता तिथे तुम्हाला नेऊन ठेवायचं, त्याच्या पुढे नाही. तुम्ही दिलेल्या हिशेबाप्रमाणे एका पानाला किराणा, दूध, गॅस, वाढपी, टेम्पो धरून ६०० रुपये खर्च येतो. म्हणजे सुटणारे पैसे पानामागे २७०, एकूण १,२१,५००. जेवण बनलंच नाही, त्यामुळे ६०० चा खर्च वाचला. मात्र वाढप्यांना आधी दिलेले १८,००० परत येणार नाहीत, ते यात मिळवा: १,३९,५००. त्यातून हातात असलेले ६०,००० वजा. उरतात ७९,५००. तुमचा दावा हा आहे, ३,९१,५०० नाही.

यावरही एक कात्री आहे. नुकसान कमी करण्यासाठी तुम्ही काय केलंत, हे कोर्ट विचारणारच, कलम ७३ च्या स्पष्टीकरणातच ते आहे. नऊ दिवस हातात होते. नाकारलेल्या ऑर्डरवाल्याला परत फोन केलात का? केला असेल आणि त्याने दुसरीकडे ठरवलं असेल, तर तो कॉल लॉग, तो मेसेज जपून ठेवा. तारीख मोकळी झाल्याचं स्टेटस टाकलं असेल तर त्याचाही स्क्रीनशॉट. काहीच केलं नसेल तर आकडा खाली येईल.

"ॲडव्हान्स परत मिळणार नाही" या ओळीवर फार विसंबू नका. करारात आधीच ठरवलेली रक्कम कोर्ट डोळे मिटून देत नाही. १९६३ च्या फतेह चंद प्रकरणापासून कलम ७४ चा अर्थ ठरलेला आहे: वाजवी भरपाई, आणि ठरवलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. तुमचं नुकसान ६०,००० हून जास्त दिसतंय म्हणून ते ठेवून घेणं समर्थनीय आहे. लग्नाच्या सहा महिने आधी रद्द झालं असतं आणि तुम्ही तारीख पुन्हा विकली असती, तर हीच ओळ तुमच्या अंगाशी आली असती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये नुकसानाच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणाऱ्या अटीला अनुचित करार म्हटलंय. तुम्ही ग्राहक आयोगात जाऊ शकत नाही, पण ते तुमच्याविरुद्ध जाऊ शकतात.

दावा कुठे लावायचा? पार्टी ठाण्याची आहे, ते म्हणतील ठाण्याला या. इथे आपल्या खामगावची एक केस उपयोगी पडते. खामगावची पार्टी आणि अहमदाबादची पार्टी यांच्यात फोनवर सरकीच्या पेंडेचा सौदा झाला. माल आला नाही, तेव्हा वाद गेला सुप्रीम कोर्टापर्यंत: करार कुठे झाला, जिथून हो म्हटलं तिथे की जिथे ते ऐकू आलं तिथे? बहुमताने ठरलं, जिथे ऐकू आलं तिथे, म्हणजे अहमदाबादला. तो निकाल आजही फोनवरच्या सौद्यांना लागू आहे. तुमच्याकडे स्वीकृती परळला पोचली, पैसे परळच्या खात्यात आले, सेवाही इथूनच द्यायची होती. मुंबईत दावा लावायला आधार आहे.

तरी लगेच दावा लावा असं मी म्हणणार नाही. ७९,५०० साठी वर्षानुवर्षं तारखा घेणं धंदेवाल्याला परवडत नाही. समरी सूट नावाचा झटपट मार्ग असतो, पण तो ठरलेल्या निश्चित रकमेच्या वसुलीला. तुमची रक्कम नुकसानभरपाईची, पुराव्याने ठरायची, तिथे तो चालत नाही. आधी वकिलाची नोटीस द्या, आकड्याचा तक्ता जोडून. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व लोक अदालतीसाठी अर्ज करा. तिथे तडजोड झाली तर निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. ३०,००० ते ४०,००० वर मिटत असेल तर मिटवा. घरात मृत्यू किंवा आजारपणामुळे लग्न मोडलं असेल, तर आहे तो ॲडव्हान्स ठेवून विषय संपवा. हा कायद्याचा नव्हे, माझा सल्ला. मुदत करार मोडल्यापासून तीन वर्षं. बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही.

पुराव्याबद्दल एवढंच, पण काटेकोर. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. कोर्टात स्क्रीनशॉटचे प्रिंट दिले की भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे आता दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, द्यावी लागते. चॅट आजच एक्सपोर्ट करून वेगळं ठेवा.

आता आचारी. करार कायद्याचं कलम २७ सांगतं, कुणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. अपवाद एकच मोठा: धंदा विकताना नावलौकिक विकला, तर विकणाऱ्यावर वाजवी बंधन घालता येतं. आचाऱ्याने तुम्हाला धंदा विकलेला नाही. नोकरी चालू असतानाचं बंधन चालतं. १९६७ मध्ये सेंच्युरी कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यातून गोळीकरी नावाचे कर्मचारी पाच वर्षांचा करार मधेच टाकून दुसऱ्या कंपनीत गेले, तेव्हा उरलेल्या मुदतीपुरतं बंधन सुप्रीम कोर्टाने मान्य केलं. मुदत संपल्यावरचं बंधन मात्र पडतं. क्रिकेटपटू झहीर खानचं व्यवस्थापन पाहणाऱ्या कंपनीने करार संपल्यानंतरही 'आधी आम्हाला विचारा' असा हक्क सांगितला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठानंतर २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो कलम २७ मध्ये बसवून नाकारला. तिथे एवढं सौम्य बंधन टिकलं नाही, तुमचं तर दादर ते लालबाग सरसकट.

आणि बाँडवर सही घेताना त्याचा थकलेला पगार अडवून ठेवला होता का? तसं असेल तर मोकळ्या संमतीचाही प्रश्न येतो, आणि ती फाइल घेऊन माझ्याकडे न आलेलं बरं. हाताखालचा पोरगा सतरा वर्षांचा असताना त्याच्याकडूनही असंच लिहून घेतलंय म्हणता. १९०३ च्या मोहोरी बीबी प्रकरणापासून अज्ञानाचा, म्हणजे अठरा वर्षांखालच्याचा, करार मुळापासून रद्दबातल आहे, तो कागद फाडून टाका.

आचाऱ्याबाबत तुम्ही काय करू शकता? नोटिशीचा एक महिना न भरता गेला तर त्यापुरती भरपाई. त्याच्या प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला असेल तर किमान सेवाकाळाची अट आणि मोडल्यास वाजवी रक्कम, हे टिकू शकतं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा असा बाँड कलम २७ च्या विरुद्ध नाही म्हटलं. पण ती बँकेतली अधिकाऱ्याची भरती होती. आचाऱ्याकडून दोन लाख मागाल तर तुम्ही त्याला काय शिकवलंत, हे आधी सांगावं लागेल.

पुढच्या कोटेशनमध्ये तळची ओळ बदला. "लग्नाच्या ६० दिवस आधी रद्द केल्यास ॲडव्हान्सच्या ७५ टक्के परत, ३० दिवस आधी ५० टक्के, १५ दिवसांच्या आत परत नाही आणि बिलाच्या ३० टक्के भरपाई." ३० टक्के मी तुमच्याच हिशेबावरून काढलेत, ८७० ला २७० सुटतात म्हणून. तुमचा नफा वेगळा असेल तर आकडा बदला. वर ऑर्डर देणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि "मी स्वतःसाठी / अमुक यांच्या वतीने" ही जागा ठेवा. मेन्यू बदलला की सुधारित कोटेशन पुन्हा पूर्ण पाठवा आणि "मान्य" एवढा एक शब्द लिहून आल्याशिवाय ॲडव्हान्सचा क्यूआर कोड देऊ नका.

नोटिशीसाठी वडिलांचं आणि मामांचं नाव, पत्ता, बँकेचं त्या महिन्याचं स्टेटमेंट आणि वाढप्यांना दिलेल्या १८,००० ची पावती लागेल. पावती नसेल तर पैसे कसे दिले ते सांगा. जीपेने दिले असतील तर तेच पुरे.